हिरोशिमाचे जखमी आणि नोंदवहीतील रेषा

१/ जागतिक आरोग्य संघटनेच्या आजार-वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत ‘वाय ३६.५’ असा एक संकेतांक आहे. अर्थ : युद्धातील अण्वस्त्रांमुळे झालेली इजा. जखमी सैनिक असो वा नागरिक, संकेतांक एकच. अशा नोंदी म्हणजे निव्वळ कारकुनी, असा एक सुशिक्षित समज आहे. हिरोशिमाचा इतिहास तो समज खोटा ठरवतो. 🧵

२/ ६ ऑगस्ट १९४५, सकाळचे ८ वाजून १५ मिनिटे. बॉम्ब फुटला तो शिमा रुग्णालयाच्या जवळजवळ माथ्यावर, सुमारे ६०० मीटर उंचीवर. शहरातील बहुतेक डॉक्टर आणि परिचारिका ठार किंवा जखमी झाल्या. वर्षअखेरीपर्यंत मृतांची संख्या सुमारे १,४०,००० झाली.

३/ वाचलेल्यांचे केस गळू लागले, अंगावर रक्ताचे बारीक ठिपके उमटू लागले. स्वतः जखमी असलेले रुग्णालय-प्रमुख डॉ. मिचिहिको हाचिया ही लक्षणे रोजनिशीत टिपत होते. सूक्ष्मदर्शक मिळाल्यावर कळले की रुग्णांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी कमालीच्या घटल्या आहेत. आजार समोर होता. वैद्यकाच्या पुस्तकात त्याला नाव नव्हते.

४/ सप्टेंबर १९४५ पासून अमेरिकी ताबा-प्रशासनाने जपानी वृत्तपत्रांवर निर्बंध घातले. या दुखण्याविषयी मोकळेपणाने लिहिणे अशक्य झाले. नोव्हेंबर १९४६ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या मंजुरीने बॉम्बपीडितांच्या दीर्घकालीन अभ्यासाची वाट मोकळी झाली. त्यातून उभा राहिलेला आयोग ‘एबीसीसी’ या नावाने ओळखला जातो.

५/ आयोगाने रक्त तपासले, मुलांची वाढ मोजली, शवविच्छेदने केली. उपचार मात्र करायचे नाहीत, हे त्याचे धोरण होते. उपचार म्हणजे अपराधाची कबुली ठरेल, ही भीती त्यामागच्या कारणांपैकी एक. जगभरच्या किरणोत्सर्ग-सुरक्षेचे नियम मुख्यतः याच नोंदींवर बेतले आहेत, हे खरे. पण ज्यांच्या शरीरातून ते ज्ञान निघाले, त्यांना तपासून औषधाविना घरी पाठवले जात होते.

६/ जपान सरकारचा पीडितांच्या वैद्यकीय साहाय्याचा कायदा आला १९५७ मध्ये, बारा वर्षांनी. मोफत उपचारांची किल्ली म्हणजे एक छोटी पुस्तिका. ती मिळवायची तर चारपैकी एका वर्गात बसावे लागे : स्फोटाच्या वेळी शहरात असलेले, दोन आठवड्यांच्या आत स्फोटकेंद्राजवळ आलेले, मदतकार्यात वा प्रेतांची विल्हेवाट लावताना बाधित झालेले, आणि या सर्वांपैकी कोणाच्या उदरातील अर्भके.

७/ वर्गात बसतो हे सिद्ध कोणी करायचे? जखमी माणसाने. कागद जळालेले, शेजारी मेलेले, आणि पुरावा मात्र कागदाचा किंवा साक्षीदाराचा हवा. ज्याचे सगळे कुटुंब गेले, त्याच्यापाशी साक्षीदार सर्वांत कमी. म्हणजे हानी जितकी मोठी, तितका दावा दुबळा.

८/ स्फोटानंतर काळा पाऊस पडला. १९७६ मध्ये सरकारने नकाशावर लंबवर्तुळ काढले : सुमारे १९ किलोमीटर लांब, ११ किलोमीटर रुंद. आतल्यांना मोफत तपासणी, बाहेरच्यांना काही नाही. पावसाने मात्र ती रेषा पाहिली नव्हती.

९/ कोरियन पीडितांची कथा निराळी नाही. वसाहतीतून आलेली ही माणसे त्याच आगीत होरपळली. उपचारांसाठी चोरून जपानमध्ये शिरलेल्या एका कोरियन पीडिताला १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जाऊन आपला हक्क मिळवावा लागला. देश सोडला की भत्ता बंद, हा १९७४ चा सरकारी आदेश तर २००३ पर्यंत टिकला.

१०/ आणि ज्यांच्यावर अणुबॉम्ब नव्हे, साधे आगीचे बॉम्ब पडले? १० मार्च १९४५ च्या टोकियोवरील हल्ल्यात सुमारे १,००,००० माणसे मेली. १९५२ च्या कायद्याने अपंग सैनिक व लष्करी नोकरांना मदत दिली. सामान्य नागरिकांना वगळले. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नागोयाच्या हवाई हल्ल्यातील जखमी स्त्रियांना सांगितले की युद्धाची झळ साऱ्या जनतेने सारखीच सोसायची असते. सारखीच, तर मग सैनिकांना वेगळा कायदा कशासाठी?

११/ यावर ठरलेले उत्तर असे : तिजोरीला मर्यादा असते, खोटे दावेदार येतात, रेषा कुठेतरी आखावीच लागते. मान्य. पण आखणाऱ्याची चूक कोणाच्या अंगावर पडते, ते पाहावे. इथे प्रत्येक शंकेचा भार आजारी माणसाने वाहिला. राज्याने एकदाही आपणहून तो उचलला नाही.

१२/ तो उलटवला न्यायालयाने. १४ जुलै २०२१ रोजी हिरोशिमा उच्च न्यायालयाने काळ्या पावसाच्या ८४ वादींना पीडित मानले. किरणोत्सर्गाने प्रकृतीला अपाय झाला असण्याची शक्यता नाकारता येत नाही, एवढे पुरेसे, हा निकष धरून. सरकारने पुढे अपील केले नाही. तोवर ७६ वर्षे झाली होती आणि खटला चालू असतानाच काही वादी वारले होते.

१३/ नोंद हवीच. नोंदीवाचून ना विज्ञान, ना न्याय. मात्र आधी मलमपट्टी, मग वर्गवारी. युद्धेतिहासात जखमींचा आकडा दिसला की तीन प्रश्न विचारावेत : यादी कोणी केली, कोणत्या दिवशी बंद केली, आणि शंकेचा फायदा कोणाला दिला?