नेमके कुठे दुखते?

दिवाळीच्या अंकात पोटदुखीची गोष्ट सांगणे म्हणजे फराळाच्या ताटात काढ्याचा पेला ठेवण्यासारखेच आहे. पण फराळाचा आणि पोटदुखीचा संबंध वाचकांना नव्याने सांगायला नको, म्हणून हे धाडस.

दोन वर्षे आमच्या सौ.च्या पोटात दुखत होते. चार दिवस बरे जात आणि पाचव्या दिवशी बादली उचलताना ती मध्येच थांबे. पोटदुखीवर औषध न सांगणारा माणूस रत्नागिरीत अजून जन्मायचा आहे. ओवा झाला, हिंग झाला, शेजारच्या काकूंचा कुड्याचा काढाही झाला. मग रक्ताची तपासणी, सोनोग्राफी, आणि शेवटी घशातून दुर्बीण. अहवाल सारे स्वच्छ! पण अहवाल जसजसे स्वच्छ येत गेले, तसतसे लोक तिच्याकडेच संशयाने पाहू लागले. एका डॉक्टरांनी "मनाला लावून घेता तुम्ही," असे म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या.

आणि मी? वर्गात शब्दांच्या छटा शिकवणारा मी, तिने "आज पुन्हा दुखतंय" म्हटल्यावर विचारता झालो, "का? शेजाऱ्यांनी नवी गाडी घेतली म्हणून?" ती हसली नाही. त्या दिवसापासून तिने दुखते म्हणून सांगणेच सोडून दिले.

गेल्या श्रावणात मांडवीवर फिरताना ती एकदम कठड्यावर बसली. चेहरा पांढराफटक. दुसऱ्या दिवशी मी तिला एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे नेले. मी जाडजूड फाइल पुढे केली. त्यांनी ती बाजूला ठेवली.

"काकू, तुमच्या शब्दांत सांगा. मुरडा येतो? जळजळतं? ठणकतं? की टोचतं?"

मी चमकलो. हे तर माझ्या विषयातले प्रश्न! बाईंनी मग समजावून सांगितले की, यातला एकेक शब्द एकेक वाट दाखवतो. मुरडा येऊन शौचानंतर उतरला, तर आतड्याकडे पाहावे. तेलकट खाल्ल्यावर उजव्या बरगडीखाली उठून खांद्याकडे गेले, तर पित्ताशयातल्या खड्यांकडे. कमरेतून जांघेत कळ उतरली, तर मूतखड्याकडे. पाळीच्या सुमारास येत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे. आणि वजन घटत असेल, संध्याकाळी ताप येत असेल, तर आपल्या देशात आतड्याचा क्षय विसरून चालत नाही.

"टोचतं," सौ. म्हणाली, "आणि इथंच." तिने बेंबीच्या उजवीकडे एक बोट ठेवले. अवघे एक बोट!

बाईंनी तिला टेबलावर निजवून तिथेच दाबले. मग हातांचा आधार न घेता डोके आणि खांदे उचलायला सांगून पुन्हा दाबले. सौ. कळवळली. दुखणे आत असते, तर ताठ झालेल्या स्नायूंनी त्याला ढालीसारखे झाकले असते. ते वाढले, म्हणजे पोटाच्या भिंतीतच होते. स्नायूतून बाहेर येणारी एक बारीक नस तिथे चिमटली होती. सोनोग्राफी आत शोधत राहिली आणि चोर दारातच उभा होता! बधिर करणारे इंजेक्शन त्या जागी दिल्यावर थोड्याच वेळात सौ.चे बोट दुखरी जागा शोधू लागले, सापडेना. पुढे दुखणे दोनदा परतले, दोनदा सुई घ्यावी लागली. आता बरे आहे.

ही तपासणी नवी नव्हे. फिलाडेल्फियाचे शल्यविशारद कार्नेट यांनी ती १९२६ साली लिहून ठेवली. त्याच्या दोनच वर्षे आधी येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींचे पोट दुखू लागले होते. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्या अपेंडिक्सची शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली, तेव्हा कंदिलाच्या उजेडात काम पुरे झाले. त्या काळी सोनोग्राफी नव्हती. रोग्याचे बोलणे आणि वैद्याचा हात यांवरच मुख्य भिस्त असे.

यंत्रांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. वजन घटणे, शौचातून रक्त, ताप, कावीळ, सतत उलट्या, किंवा झोपेतून उठवणारे दुखणे असेल, तर तपासण्या टाळू नयेत. पण वारंवार दुखत असेल, तर घरात एक छोटी वही ठेवावी : केव्हा, कुठे, कशानंतर, किती वेळ, आणि कोणत्या शब्दात. आणि अहवाल स्वच्छ आला म्हणून माणूस खोटा ठरवू नये. अहवाल एवढेच सांगतो, की जिथे पाहिले तिथे काही दिसले नाही.

परवा चकल्या तळून झाल्यावर सौ. कढई उतरवत होती. मी धावलो. "दुखतंय का?"

"नाही," ती म्हणाली. मग थोडे थांबून, "पण विचारलंत, बरं वाटलं."