शिफारसपत्र कोण लिहिणार?

'शिफारस' हा शब्द ऐकला की आपल्या समाजबांधवांच्या कपाळाला आठी पडते, आणि ते स्वाभाविक आहे. शिफारस म्हणजे वशिला, आणि वशिल्याच्याच व्यवस्थेने आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या दाराबाहेर ठेवले. त्यामुळे शाळेचा एखादा माजी विद्यार्थी परदेशी विद्यापीठाचा अर्ज भरू लागतो आणि दोन-तीन शिफारसपत्रे लागतात असे घरी सांगतो, तेव्हा पालक आम्हांस विचारतात, "सर, आमदारसाहेबांचे पत्र आणले तर चालेल का?" ते चालत नाही. तेथे पद पाहत नाहीत. या मुलाला तुम्ही कशावरून ओळखता, एवढेच विचारतात.

बाबासाहेबांच्या चरित्रात याचे उत्तर आहे. १९०७ साली ते मॅट्रिक झाले, त्या सत्कारसभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे सयाजीराव गायकवाडांकडे त्यांना नेणारेही तेच, आणि त्यातूनच महाविद्यालयीन शिक्षणासाठी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. परंतु गुरुजींची ओळख त्या सभेतली नव्हती. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा मुलगा त्यांनी आधीच हेरला होता. पुढे १९२० साली कोलंबियाचे प्रा. एडविन सेलिग्मन यांनी लंडनचे प्रा. हर्बर्ट फॉक्सवेल यांना पत्र लिहून बाबासाहेबांची शिफारस केली व संशोधनात साहाय्य करण्याची विनंती केली. १९२५ साली प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील प्रबंध ग्रंथरूपाने निघाला, त्याला प्रास्ताविकही सेलिग्मन यांनीच लिहिले. बुद्धी बाबासाहेबांचीच होती, हे सांगायला नकोच; तथापि ती पाहिल्याची साक्ष देणारी माणसेही होती.

आज सेनगाव, कळमनुरी, औंढ्याच्या खेड्यांतून निघालेल्या मुलास ही साक्ष कोण देणार? राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीही आहे; पण त्यांसाठी आधी विद्यापीठाचा प्रवेश हाती लागतो, आणि प्रवेशापाशी हे पत्र आडवे येते. आम्ही शाळेतील शिक्षक कितीही प्रेमाने लिहू, पदव्युत्तर प्रवेशात आमच्या पत्रास फारसे वजन नसते. तेथे महाविद्यालयातील प्राध्यापक, प्रकल्पाचे मार्गदर्शक, फार तर नोकरीतील वरिष्ठ हवेत. आपली मुले मात्र तीन वर्षे मागच्या बाकावर बसून, हजेरी भरून, परीक्षेचे प्रवेशपत्र घेऊन निघून येतात. प्राध्यापकांना नावही ठाऊक नसते. मग "तूच लिहून आण, मी सही करतो" असे उत्तर मिळते. प्राध्यापकांवरील कामाचा भार आम्ही जाणतो; तरीही ही रीत आम्हांस मान्य नाही. मुलाने स्वतःविषयी लिहिलेले 'हुशार, होतकरू, मेहनती' हे तीन शब्द शेकडो पत्रांत असतात. अमुक विषयावरच्या निबंधासाठी हा मुलगा जुने दप्तर धुंडाळीत आठ दिवस बसला, असे एक वाक्य त्याहून मोलाचे; आणि ते पाहणाऱ्यालाच लिहिता येते.

व्यवहाराचेही थोडे सांगतो. अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठांची मुदत डिसेंबर-जानेवारीत संपते. म्हणून सप्टेंबरातच प्राध्यापकांना भेटावे. सोबत गुणपत्रके, उद्देशपत्राचा मसुदा, त्यांच्याकडे केलेले लेखन आणि विद्यापीठांची मुदतीसह यादी द्यावी. पत्राची लिंक थेट प्राध्यापकांच्या ईमेलवर जाते, पत्र तेच चढवतात आणि सहसा मुलाने ते पाहायचे नसते. मुदतीच्या पंधरा दिवस आधी एकदा नम्रपणे आठवण करावी; यात लाजण्यासारखे काही नाही. कोणी नाखुशीने 'बघू' म्हणाले, तर दुसरे दार ठोठवावे. कोमट पत्र नसलेले बरे.

ओळखले जाण्याची सवय मात्र वसतिगृहातच लागली पाहिजे. तास संपल्यावर थांबून शंका विचारणाऱ्या मुलास आपण कधी कधी 'आगाऊ' म्हणतो. त्याने तसे थांबावे, असे आमचे मत आहे. आणि आपले जे माजी विद्यार्थी नांदेड, परभणी, हिंगोली येथील महाविद्यालयांत आज अध्यापक आहेत, त्यांनी आपले नाव, विषय व दूरध्वनी क्रमांक शाळेच्या कार्यालयात नोंदवावा. पदवीच्या पहिल्या वर्षाला गेलेल्या मुलाला कोणाच्या वर्गात जाऊन बसायचे आणि कोणाला भेटायचे, हे आम्ही जूनमध्येच सांगू.