सोडलेले मासे पुन्हा मोजा!

पेलाभर पाण्यात शाईचा थेंब टाकणे सोपे. तो पुन्हा वेगळा काढणे मात्र जवळजवळ अशक्य. नदीत मासे सोडणे हीदेखील अशीच, मागे न फिरणारी क्रिया आहे. म्हणून ती हारतुऱ्यांचा समारंभ समजून उरकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अमेरिकेतील नेव्हाडाच्या वाळवंटात ‘डेव्हिल्स होल’ नावाचे कपारीतले कुंड आहे. त्याचे पाणी सुमारे ३३ अंश सेल्सिअस! त्यात इंचभर लांबीचा एक पपफिश राहतो. निसर्गात तो अन्यत्र कोठेही नाही. २०१३ च्या वसंतातील मोजणीत अवघे ३५ मासे आढळले. अशा जिवाचा काही साठा टाकीत जपणे शहाणपणाचेच. २०२५ मध्ये भूकंपानंतर कुंडात ३८ मासे उरले, तेव्हा टाकीतले मासे मदतीला आले. परंतु पूर्वीच्या एका राखीव टाकीत शेजारच्या झऱ्यातील पपफिश शिरले आणि तेथील सारी प्रजा संकरित झाली. टाकी भरलेली होती, पण मूळ जात उरली नव्हती.

आता घराजवळ या. निळसर परांचा महसीर हा आपल्या दख्खनचा मासा. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशांवरून त्याचे वर्णन केले. लोणावळ्याला टाटांच्या बीजकेंद्रात १९७० च्या दशकापासून त्याची लक्षावधी पिले वाढवली गेली. हे काम मोलाचे आहे. पण हाच महसीर कावेरीतही सोडला गेला. तेथे मुळातच एक कुबडाचा, प्रचंड वाढणारा महसीर होता. गळाने मासे पकडून पुन्हा सोडणाऱ्यांच्या १९९८ ते २०१२ च्या नोंदी पाहिल्या तर पाहुणा वाढत गेला आणि घरधनी आटत गेला, असे दिसते. २०१८ मध्ये कुबडाच्या महसीराची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. धरणे, वाळूउपसा, सुरुंग यांचाही यात वाटा आहे. पण पाहुण्याला कोणी बोलावले होते?

‘मग काय हातावर हात ठेवून बसायचे?’ असे कोणी विचारील. मुळीच नाही. पिले सोडण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. ही जात याच नदीची आहे का? पिले पुरेशा वेगवेगळ्या आईबापांची व निरोगी आहेत का? मूळचे मासे ज्या कारणाने घटले, ते कारण दूर झाले का? नदी आटलेली वा विषारी असेल, तर टाकीतून कितीही पिले ओतली तरी ती फुटक्या रांजणातच जाणार.

आणि यशाचे माप ‘किती सोडले’ हे नसावे. पाच वर्षांनी ‘किती जगले, किती व्याले’ हे असावे. मोजमापाशिवाय विज्ञान नाही.

सोलापूरकरांना दाखला दूर शोधायला नको. उजनीतली चिलापी मूळची आफ्रिकेची. आज तिला तेथून काढू शकेल असे जाळे नाही. तेव्हा घरच्या काचपेटीतला नकोसा झालेला मासा सिद्धेश्वर तलावात ‘मुक्त’ करू नका. हौशी मित्राला द्या. तीही निसर्गसेवाच आहे.