मागे वळणाऱ्याचा नंबर



फ्रान्स देशात दर चार वर्षांनी एक मोठी शर्यत होते. एका शिडाच्या होडीत एकच माणूस. ले साब्ल दोलोन या बंदरातून निघायचे, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका यांच्या खालून पृथ्वीला फेरी मारायची आणि त्याच बंदरात परत यायचे. सुमारे ४५,००० किलोमीटर. वाटेत कुठे थांबायचे नाही, कुणाची मदत घ्यायची नाही. शर्यतीचे नाव वाँदे ग्लोब. गुरुजींनी नाव सांगितले तेव्हा सगळा वर्ग हसला. पण तिथे खरेच वांदे होतात बरं का.

२०२० साली ८ नोव्हेंबरला ३३ होड्या निघाल्या. ३० नोव्हेंबरला आफ्रिकेच्या खाली केव्हिन एस्कोफिए यांची होडी लाटेत मोडली. ते तराफ्यात बसले. भोवती नुसते पाणी. अशा जागी जवळ कोण असणार? शर्यतीतलेच लोक. चौघांना निरोप गेला, शोधायला वळा. जाँ ल काम नावाचे ६१ वर्षांचे खलाशी तिथे पोचले. तराफा दिसला आणि पुन्हा हरवला. शेवटी रात्री अंधारात सापडला. अकरा तासांनी एस्कोफिए वाचले.

शोधणाऱ्यांत यानिक बेस्तावेन होते. २७ जानेवारी २०२१ ला शार्ली दालीन सर्वांच्या आधी बंदरात आले. बेस्तावेन त्यांच्या मागून ७ तास ४४ मिनिटांनी आले. पण शोधात वेळ गेला म्हणून पंचांनी त्यांना १० तास १५ मिनिटे परत दिली होती. आम्ही फळ्यावर वजाबाकी केली. (हातचा घेताना ६० मिनिटे घ्यायची, १०० नाही.) उत्तर आले २ तास ३१ मिनिटे. म्हणजे बेस्तावेन पहिले!

यावरून वर्गात भांडण झाले. माझ्या पट्टीवरचा मुलगा म्हणतो कसा, "आधी पोचला तो पहिला. हे काय नवीनच!" दालीन यांचे मलाही वाईट वाटले. त्यांनी काही लबाडी केली नव्हती. पुढे २०२५ साली त्यांनी हीच शर्यत ६४ दिवसांत जिंकली, ते बरे झाले. पण बेस्तावेन यांना काही फुकट मिळाले नाही. शेजारणीने उसनी नेलेली साखर परत दिली तर ती काय भेट असते?

आमचे आजोबा म्हणतात, मदत करताना मोजू नये. खरे आहे. मदत करणाऱ्याने मोजू नये. पण पंचांनी मोजावे, असे माझे मत आहे.

पूर्वी आपल्या नौदलात असलेले अभिलाष टॉमी यांचेच बघा. २०१८ साली ते गोल्डन ग्लोब या दुसऱ्या शर्यतीत होते. त्यांची होडी 'तुरीया' गोव्यात बांधलेली. वादळात डोलकाठी मोडली, पाठीला मार लागला, उठता येईना. तेव्हा आयर्लंडचे ग्रेगर मॅकगकिन त्यांच्याकडे निघाले. त्यांच्या स्वतःच्या होडीचीही काठी मोडलेली! शेवटी फ्रान्सच्या जहाजाने दोघांना उचलले. पुढच्या शर्यतीत, २०२३ साली, अभिलाष दुसरे आले. पहिल्या आल्या दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉयशेफर. त्यांनी वाटेत वळून एका बुडालेल्या होडीवरच्या माणसाला वाचवले होते. तो वेळ त्यांनाही परत मिळाला.

आता आपल्याकडचे सांगतो. मागच्या वर्षी केंद्राच्या खेळांत आमच्या वर्गातली एक मुलगी धावण्यात दुसरी चालली होती. शेजारच्या गावची मुलगी ठेचकाळून पडली, गुडघा फुटला. हिने थांबून तिला उठवले, चुन्याच्या रेघेबाहेर बसवले आणि मग पळाली. शेवटची आली. मोठी माणसे शाब्बास म्हणाली आणि नंबर दुसऱ्यांना दिले. मी तिला विचारले, पुन्हा थांबशील का? ती म्हणाली, "थांबेन की. पण मग पळायला कशाला जाऊ?"

आपल्या मैदानावर तास मोजता येणार नाहीत, हे मला कळते. पण अशा वेळी सगळ्यांना पुन्हा एकदा पळवता येते. पाच मिनिटांचे काम. पालक आज शाळेत आले आहेत. त्यांनी पंचांना हे सांगावे. खेळ जानेवारीत आहेत. नावांची यादी शनिवारी जाणार आहे आणि तिने अजून नाव दिलेले नाही.

— एक विद्यार्थी, इयत्ता चौथी