खेळाची किंमत आणि तारेचे भाडे

अर्थशास्त्राच्या प्राथमिक पाठ्यपुस्तकात ‘पूरक वस्तूं’चे प्रकरण असते. पेट्रोलवाचून मोटार चालत नाही. म्हणून मोटारीची किंमत देताना ग्राहकाने पेट्रोलचाही हिशेब मांडावा, असे तेथे सांगितलेले असते. संगणकावर विमान चालविण्याच्या खेळांनी हा जुना धडा नव्या स्वरूपात समोर आणला आहे. खेळाची किंमत विक्रीच्या ठिकाणी स्पष्ट लिहिलेली असते; परंतु ज्या इंटरनेटवाचून तो निर्जीव ठरतो, त्याचा खर्च तेथे कोणी लिहीत नाही.

‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’ हा या प्रकारातील जुना आणि नामवंत खेळ. १९८२ साली तो प्रथम बाजारात आला, तेव्हा एका लवचीक तबकडीत मावत असे. २००६ सालच्या आवृत्तीस दोन डीव्हीडी पुरल्या. २०२० साली युरोपात निघालेल्या पेटीबंद आवृत्तीत दहा डीव्हीडी होत्या आणि तरीही सारे जग त्यांत आले नव्हते. ते येणे शक्यही नव्हते. कारण हवाई व उपग्रहीय छायाचित्रांवरून उभी केलेली ही पृथ्वी दोन पेटाबाइटांहून, म्हणजे वीस लक्ष गिगाबाइटांहून, अधिक जागा व्यापते. ती कंपनीच्या दूरस्थ संगणकांवर असते आणि वैमानिक जसजसा पुढे सरकेल तसतसा खालचा भूप्रदेश इंटरनेटवरून त्याच्याकडे येत राहतो.

नोव्हेंबर २०२४ मधील आवृत्ती या वाटेवर आणखी पुढे गेली. आधीच्या आवृत्तीस संगणकात १५० गिगाबाइट जागा लागे; नवीस ५० पुरतात. वरवर पाहता ही बचत होय. परंतु इंटरनेटच्या वेगाची कंपनीने सांगितलेली किमान गरज सेकंदाला ५ मेगाबिटांवरून १० वर गेली आणि शिफारस केलेला वेग २० वरून ५० वर गेला. भार नाहीसा झाला नाही. तो तबकडीवरून तारेवर आला. तबकडी एकदाच विकत घ्यावी लागते, तारेचे भाडे दरमहा द्यावे लागते.

थोडे गणित करून पाहावे. आठ बिटांचा एक बाइट होतो. ५० मेगाबिटांचा वेग तासभर पुरता वापरला, तर साडेबावीस गिगाबाइट खर्ची पडतात. एवढी गरज सतत नसते, हे खरे. समुद्रावरून जाताना ती कमी असते, दाट वस्तीच्या शहरावरून खालून उडताना वाढते. आणि एकदा आलेला प्रदेश साठवून ठेवण्याचीही सोय आहे. तथापि आपल्याकडील मोबाइलच्या अनेक योजनांत दिवसाला दीड किंवा दोन गिगाबाइट मिळतात. किमान म्हणून सांगितलेला १० मेगाबिटांचा वेगच सलग वापरला, तरी दोन गिगाबाइट सत्तावीस मिनिटांत संपतात. तोवर मुंबईहून निघालेला वैमानिक नागपूरच्या अर्ध्या वाटेवरही पोचलेला नसतो.

येथे विषमतेचा प्रश्न उद्भवतो. ‘ब्रॉडबँड’ म्हणविण्यासाठी भारतात २०२३ साली सेकंदाला किमान २ मेगाबिटांची मर्यादा ठरली. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने २०२४ साली ती १०० मेगाबिटांवर नेली. एकच वस्तू दोघे विकत घेतात; एकाला खिडकीतून रस्ते व घरे दिसतात, दुसऱ्याला धूसर ठिगळे. मालाचा दर्जा ग्राहकाच्या पत्त्यावर ठरू लागला आहे.

शिवाय उत्तम तार असूनही भागत नाही. २०२४ च्या आवृत्तीच्या पहिल्याच दिवशी कंपनीचे संगणक गर्दीने कोलमडले आणि पैसे मोजलेले ग्राहक ताटकळत बसले. दोन लक्ष कृत्रिम ग्राहकांनिशी चाचणी घेतली होती, असे निर्मात्यांनी नंतर सांगितले. ‘द क्रू’ या मोटारशर्यतीच्या खेळाचे दूरस्थ संगणक तर ३१ मार्च २०२४ रोजी कायमचे बंद झाले आणि विकत घेतलेला खेळ निरुपयोगी ठरला. ग्राहक ज्याला खरेदी समजतो, ती वस्तुतः मुदत न सांगितलेली भाडेपट्टी असते. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून अशा विक्रीच्या वेळी ‘हा केवळ परवाना आहे’ असे स्पष्ट सांगणे कायद्याने बंधनकारक झाले, ते यामुळेच.

या तंत्राला विरोध करण्याचे कारण नाही. वीस लक्ष गिगाबाइटांची पृथ्वी कोणाच्याही घरात मावणार नाही. आक्षेप आहे तो मौनाला. तासाला कमीत कमी व जास्तीत जास्त किती गिगाबाइट लागतील, इंटरनेट नसताना खेळाचा कोणता भाग चालेल आणि दूरस्थ संगणक निदान कोणत्या वर्षापर्यंत चालू ठेवले जातील, या तीन गोष्टी किमतीशेजारीच लिहिल्या गेल्या पाहिजेत.

प्रश्न केवळ खेळाचा असता, तर तो सोडून देता आला असता. परंतु पुस्तके, चित्रपट आणि अभ्यासाची साधनेही आता याच मार्गाने घरी येऊ लागली आहेत. ठरावीक पगारात महिना भागविणाऱ्या कुटुंबाला वस्तूची किंमत एकदाच मोजावी लागेल की दरमहा, हे आधी कळणे हा त्याचा साधा हक्क आहे. तो मागून घेतल्यावाचून मिळणार नाही.