दुखावलेला पाय आणि हुकलेली शर्यत

वार्षिक सामन्यांचे वृत्त या अंकात अन्यत्र आले आहे व विजयी खेळाडूंचे कौतुकही तेथे यथास्थित झाले आहे. आम्हांस येथे लिहावयाचे आहे ते, ज्यांची नावे शर्यतीच्या यादीत होती परंतु पाय दुखावल्यामुळे जे धावू शकले नाहीत, अशा विद्यार्थ्यांविषयी. त्यांच्या पालकांनीही हे चार शब्द वाचावेत अशी विनंती आहे.

आपल्या चांदूर बाजार तालुक्यात पहाटे सडकेवर धावणारी मुले आता गावोगाव दिसतात. त्यांतील पुष्कळांना हौसेपेक्षा गरजच धावावयास लावते. पोलीस भरतीत मुलांस १६०० व मुलींस ८०० मीटर धावून दाखवावे लागते. वयाची मर्यादा असते. आणि कास्तकाराच्या घरी एका नोकरीकडे किती जणांचे डोळे लागलेले असतात, हे निराळे सांगावयास नको. अशा मुलाची नडगी दुखू लागली म्हणजे तो कोणास सांगत नाही. दुखणे अंगावर काढतो, रात्री तेल चोळून घेतो आणि पहाटे पुनः त्याच डांबरी सडकेवर जातो. लोक यास जिद्द म्हणतात. आमच्या मते ती भीती होय. आणि ती त्याच्या मनात बहुधा घरच्या वडील मंडळींनीच घातलेली असते.

वस्तुतः शरीराचा हिशेब समजून घेतला पाहिजे. सरावाने दम काही आठवड्यांतच वाढतो. परंतु हाडे बळकट होण्यास महिने लागतात. नवा भार पडला म्हणजे हाड आपला काही जुना भाग प्रथम झिजवून टाकते व मग तेथे नवा भरते. या मधल्या काळात ते पूर्वीपेक्षा दुबळे असते. म्हणजे आपण कधी नव्हे इतके सशक्त झालो असे मुलास वाटते, नेमक्या त्याच वेळी त्याची नडगी कच्ची असते! नडगीभर पसरलेली ठणक विश्रांतीने बहुधा शमते. परंतु बोट ठेवून दाखविता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, किंवा निजल्यावरही दुखत असेल, तर हाडास चीर गेल्याचा संशय घेऊन डॉक्टरांकडे जावे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ही चीर क्ष-किरणांच्या चित्रात पुष्कळदा दिसत नाही. तेव्हा ‘फोटो चांगला आला’ एवढ्यावर धावू लागणे धोक्याचे. मालिशने तर हाड सांधत नाहीच.

बीड जिल्ह्यातील मांडवा गावचे श्री. अविनाश साबळे मुलांस ठाऊक आहेत. तीन हजार मीटरच्या स्टीपलचेस शर्यतीत २८ अडथळे व पाण्यावरील ७ उड्या असतात. तीत त्यांनी २०२२ साली बर्मिंगहॅम येथे रौप्य व २०२३ साली हांगझौ येथे सुवर्णपदक मिळविले. जुलै २०२५ मध्ये मोनाको येथे धावताना पाण्याच्या उडीपाशी ते पडले. गुडघ्यातील एक प्रमुख अस्थिबंध व कूर्चेची गादी फाटली. शस्त्रक्रिया करावी लागली, आणि त्याच सप्टेंबरात टोकियो येथील जागतिक सामने त्यांच्यावाचून पार पडले. अशा शस्त्रक्रियेत शरीरातीलच दुसरी कंडरा घेऊन नवा बंध बसवितात. तो आरंभी अधिकच दुबळा होतो व मग सावकाश जीव धरतो. म्हणून गुडघा दुखेनासा झाला तरी वैद्य सामान्यतः नऊ महिने मैदानावर उतरू देत नाहीत. दुखणे थांबणे आणि बरे होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. याच गृहस्थांची २०१८ च्या आशियाई सामन्यांची संधी पायाच्या दुखापतीने हुकली होती. त्याच वर्षी भुवनेश्वर येथे ८ मिनिटे २९.८० सेकंदांत धावून त्यांनी गोपाल सैनी यांचा ३७ वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला.

संत्र्याच्या बागेचे धनी असलेल्या पालकांस तरी हे पटावे. आंबिया बहारासाठी आपण झाडास ताण देतो. कित्येक आठवडे पाणी तोडतो, पाने मलूल होऊ देतो. त्या दिवसांत बागवान आळशी झाला असे कोणी म्हणत नाही, आणि घाई करून मधेच पाणी सोडणाऱ्यास शहाणा म्हणत नाही. मग पाय दुखावलेला मुलगा घरी बसला की ‘पाय मोडून बसला’ असे टोमणे का?

यावर कोणी म्हणेल, ‘भरती का कोणासाठी थांबते?’ नाही थांबत. हुकलेली भरती ही खरी हानी आहे, आणि तिचे दुःख मुलाने करू नये असे आम्ही म्हणणार नाही. परंतु चिरलेल्या हाडावर जो धावतो तो ही भरती बहुधा गमावतोच, आणि पुढचीही गमावण्याची तयारी करतो. दहा-बारा दिवसांच्या विश्रांतीने कमावलेला दम फारसा जात नाही. डॉक्टरांनी हरकत घेतली नाही तर त्या काळात पोहावे, सायकल चालवावी, पोटाचे व बाहूंचे व्यायाम करावेत. आणि पोटभर जेवावे. वाढत्या वयात, विशेषतः मुलींच्या बाबतीत, अर्धपोटी धावणे हे हाडांच्या दुखण्याचे एक मोठे कारण आहे. पुढे वेदनेवाचून चालता आले म्हणजे थोडे चालणे, थोडे धावणे, मग अंतर, आणि वेग सर्वांत शेवटी. शक्य तोवर मातीची वाट धरावी.

शाळेकडेही आमचे एक मागणे आहे. दुखावलेल्या विद्यार्थ्याचे नाव संघाच्या यादीतून खोडू नये. सरावाच्या वेळी त्यास मैदानावर बोलवावे, हाती घड्याळ द्यावे, वेळांची वही त्याच्याकडे सोपवावी. आणि तो पुनः केव्हा धावणार, हे शर्यतीची तारीख पाहून न ठरविता डॉक्टरांस विचारून ठरवावे.