भरणीआधी आतल्या टायरची हवा बघा



मुरबाड, शहापूर आणि कल्याण ग्रामीणमधल्या आपल्या सगळ्या गटांसाठी आजचा मेसेज जरा वेगळा आहे. फवारणीचा सल्ला नेहमीप्रमाणे येईलच. आज बोलायचंय ते आपला माल नेणाऱ्या सहा टायरच्या टेम्पोबद्दल. मेसेज लांब आहे. दुपारी निवांत वाचा आणि घरात ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. भेंडीचा तोडा जोरात होता. संध्याकाळी संकलन केंद्रावर गाडी भरून झाली होती, तेवढ्यात दोन शेतकरी पंधरा क्रेट घेऊन आले. ड्रायव्हर दादा म्हणाले, "सर, आता बास." मीच म्हणालो, "घ्या हो दादा, कल्याण काय लांब आहे!" वीस किलोचा क्रेट धरला तर तीनशे किलो जादा झाले. पहाटे कल्याणच्या अलीकडे मागच्या जोडीतला आतला टायर फुटला. थोडं पुढे जाईपर्यंत बाहेरचाही गेला. गाडी कलली, पण उलटली नाही. कुणाला लागलं नाही हे नशीब. स्टेपनी एक आणि टायर गेले दोन. दुसरा टायर येईपर्यंत ऊन चढलं, बाजार उरकला आणि भेंडी मऊ पडून काळपट झाली. जो भाव मिळाला त्यात तोडणीची मजुरीही निघाली नाही.

त्या दिवशी सगळ्यांनी ड्रायव्हरला बोल लावले. मी तिथेच होतो, पण पंधरा क्रेट माझ्या सांगण्यावरून चढले हे मी बोललो नाही. ते आज बोलतोय. माझं स्पष्ट मत आहे की टायरची हवा हे एकट्या ड्रायव्हरचं काम नाही. जो माल भरतो, जो गाडी ठरवतो आणि जो भाडं ठरवतो, त्या सगळ्यांचं ते काम आहे. म्हणजे तुमचं, माझं आणि कंपनीचं.

आता हे होतं कसं ते बघू. मागे एका बाजूला दोन टायर जोडीने असतात. दोघांनी मिळून भार उचलायचा असतो. एकाची हवा कमी झाली की त्याच्या वाटचा भार शेजारच्यावर जातो. पण गाडी बसलेली दिसत नाही, कारण शेजारचा तिला उचलून धरतो. चार टायरच्या पिकअपचा मागचा टायर बसला तर लांबून कळतं. जोडीतला बसला तर जवळ उभं राहूनही कळत नाही. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला दबतो, वाकतो आणि तापतो. दुसरा जादा भाराने तापतो. असे दोघंही खराब होतात. आमच्या त्या टायरच्या आत रबराचा भुगा झाला होता. पंक्चरवाल्याने सांगितलं की हा बरेच दिवस कमी हवेवर चाललाय. म्हणजे दुखणं जुनं होतं, माझे पंधरा क्रेट वरून पडले.

त्यात आतल्या टायरचे हाल जास्त. तो ब्रेकच्या ड्रमजवळ असतो, त्याला वारा लागत नाही. रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असेल तर आतल्यावर भारही जास्त येतो. कल्याण-शीळ रस्त्यावर मेट्रोच्या कामाच्या गर्दीत दर दहा पावलांवर ब्रेक मारावा लागतो. ओतूर-आळेफाट्याकडून कोंबडखताची गाडी माळशेज उतरून येते तेव्हाही तेच. ड्रम तापतो, त्याची धग आतल्या टायरला लागते. आणि नेमक्या याच टायरची हवा कुणी बघत नाही, कारण त्याच्या वॉल्व्हपर्यंत हात नीट पोचत नाही.

मी तुम्हाला नेहमी सांगतो की पांढरी माशी वरून बघून कळत नाही, पान उलटून बघा. इथेही तसंच आहे.

तुम्ही म्हणाल, ड्रायव्हर टायरवर टॉमी मारून आवाज ऐकतो की! त्याने फक्त पूर्ण बसलेला टायर ओळखता येतो. पंधरा-वीस पाऊंड कमी असेल तर आवाजात फरक कळत नाही. गेज लावल्याशिवाय इलाज नाही.

*काय बघायचं:*

1. हवा थंड टायरची बघायची. गाडी निदान तीन तास उभी असावी. चालून आलेला टायर दहा-पंधरा पाऊंड जास्त दाखवू शकतो. तापलेल्या टायरची हवा कधीही सोडू नका, थंड झाल्यावर ती कमी पडेल.

2. किती हवा हवी ते गाडीच्या पुस्तकात किंवा कंपनीने लावलेल्या पट्टीवर असतं. अंदाजाने भरू नका. टायरवर छापलेला आकडा ही त्या टायरची कमाल मर्यादा असते.

3. जोडीतल्या दोन टायरांत पाच पाऊंडांपेक्षा जास्त फरक नको.

4. ठरलेल्या हवेच्या पाचव्या हिश्श्याएवढी हवा कमी असेल तर तो टायर पंक्चर समजा. 80 पाऊंड हवी असेल आणि 64 किंवा त्याखाली असेल, तर नुसती हवा भरून पुढे जाऊ नका. टायर उतरवून आतून तपासायला लावा. असा टायर हवा भरतानाच फुटू शकतो. भरताना समोर उभं राहू नका, बाजूला थांबा.

5. जोडीत एक नवा आणि एक घासलेला टायर नको. नवा उंच असतो, सगळा भार तोच घेतो. रिमोल्ड लावला असेल तरी दोघांची उंची सारखी हवी.

6. दोन टायरांच्या मधे दगड अडकलाय का बघा. क्रशरच्या आणि खोदलेल्या रस्त्यांवर हे नेहमी होतं. दगड दोन्ही टायर कापतो.

7. वॉल्व्हला टोपण हवंच. आतल्या टायरला एक्स्टेंशन बसवून घेतलं की हवा बघणं सोपं होतं.

सहा टायर आणि स्टेपनी मिळून दहा मिनिटांचं काम. दोन तोंडांचा गेज मिळतो, तो आतल्या वॉल्व्हलाही लागतो. साधारण एक-दोन क्रेट भेंडीच्या पैशात येतो.

काही जण म्हणतील, गाडी दुसऱ्याची, टायर दुसऱ्याचे, आपण कशाला बघायचं? माझं उत्तर असं की गाडीतला माल आपला आहे. आणि जादा भाराची जबाबदारी कायदाही एकट्या ड्रायव्हरवर टाकत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 194 चालवणाऱ्याला लागू आहे, तसंच चालवायला लावणाऱ्यालाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्यात 20 हजार रुपये दंड आहे, शिवाय प्रत्येक जादा टनाला 2 हजार. "घ्या हो दादा" म्हणणारा मी त्यात आलोच.

दुसरं, भाड्याचं. आपण दोन-चारशे रुपये तोडून गाडी ठरवतो आणि गाडीवाला ते टायरमधून भरून काढतो. घासलेला टायर आणखी दोन महिने चालवतो. मग एका पहाटे ते पैसे आपल्याच भेंडीतून वसूल होतात. स्वस्त गाडी आपल्याला स्वस्त पडते हे मला आता पटत नाही. समृद्धी महामार्ग 5 जून 2025 पासून आमणेपर्यंत पूर्ण सुरू झालाय. उद्या आपला माल त्या रस्त्यानेही जाईल. तिथे गाडी तासन् तास एका वेगाने पळते, टायरला थंड व्हायला उसंत नाही. कमी हवेचा टायर तिथे अजिबात दया दाखवणार नाही, आणि वेगात फुटला तर नुकसान भेंडीपुरतं राहणार नाही.

म्हणून येत्या बैठकीत मी संचालकांसमोर तीन गोष्टी मांडणार आहे. प्रत्येक संकलन केंद्रावर कंपनीच्या खर्चाने एक गेज आणि एक वही ठेवावी. गाडीच्या आरसीवर जेवढा भार लिहिलाय तेवढेच क्रेट मोजून चढवावेत, उशिरा आलेला माल दुसऱ्या फेरीला जावा. आणि जो गाडीवाला टायर नीट ठेवतो त्याला फेरीमागे थोडं जास्त भाडं द्यावं. तिसऱ्या गोष्टीला विरोध होईल, मला माहीत आहे. किलोमागे काही पैसे आपल्याच खिशातून जाणार आहेत. तरी मी त्याच बाजूने बोलणार.

बैठक होईपर्यंत एवढं करा. गाडी केंद्रावर येऊन थंड झाली की भरणीआधी ड्रायव्हर दादांना विचारा, "आतल्या टायरची हवा बघितली का?" आवाज चढवू नका, चहा देऊन विचारा. आणि ते "आता बास" म्हणाले तर ऐका.

तुमचं मत वेगळं असेल तर याच नंबरवर व्हॉइस मेसेज पाठवा. बैठकीत तेही मांडतो.

आपला,
कृषी सल्लागार